प्राइम९५ : ‘मूळ नाही’ या उत्तरावर किती विसंबायचं?

चार दिवस, कधी आठवडाभर प्रोसेसर पूर्ण जोरावर पळवायचा आणि शेवटी स्क्रीनवर एक ओळ उमटणार: ही संख्या मूळ नाही. शेजारी सोळा हेक्स अंकांचा शेष, म्हणजे गणित संपल्यावर उरलेल्या बाकीचे शेवटचे अंक. प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधणारा प्राइम९५ हा प्रोग्रॅम वापरणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या पदरात पडतं ते एवढंच. तपासायची संख्या २^घ − १ अशी असते; तिचा घातांक घ बारा कोटींच्या आसपासचा असेल आणि ७७ बिटांपर्यंतच्या (२^७७ हून लहान) संख्या चाळूनही अवयव मिळाला नसेल, तर ‘मूळ आहे’ असा कौल लागण्याची शक्यता साधारण नऊ लाखांत एक भरते. म्हणून या प्रोग्रॅमची पारख ‘किती मूळ संख्या सापडल्या’ यावर करण्यात अर्थ नाही. तो ‘नाही’ म्हणतो तेव्हा त्या ‘नाही’वर विसंबता येतं का, ते बघायचं. जुन्या आवृत्त्यांबद्दल उत्तर ‘बहुतेक’ असं होतं. हल्लीच्या, म्हणजे ३० च्या पुढच्या आवृत्त्यांबद्दल ते ‘बिनधास्त’ असं आहे, आणि हा बदल कशामुळे झाला ते समजून घेण्यासारखं आहे.

आधी ओळख. प्राइम९५ हा जॉर्ज वोल्टमन यांचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम. १९९६ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या जिम्प्स या मोहिमेचा तो मुख्य घोडा. शोध फक्त मर्सेन संख्यांचा, म्हणजे २^घ − १ या साच्यातल्या संख्यांचा. त्यात घातांक घ स्वतः मूळ असावाच लागतो. कोणता घातांक कोणी तपासायचा हे प्राइमनेट नावाचा सर्व्हर वाटून देतो. विंडोजवर खिडक्या-मेनू असलेला प्राइम९५, लिनक्सवर तोच गाभा एमप्राइम नावानं टर्मिनलमध्ये, मॅकसाठीही आहे. बसवणं असं काही नाहीच: झिप उघडायची, फोल्डर कुठेही ठेवायचा, चालू करायचं. पहिल्याच चौकटीत तो विचारतो, मोहिमेत यायचंय की फक्त मशीनची कसोटी घ्यायची आहे. दुसरा पर्याय निवडणारे बहुधा पहिल्यापेक्षा जास्तच असतील. त्यांच्याकडे नंतर येऊ.

आजवरची सगळ्यात मोठी सापडलेली मूळ संख्या याच मोहिमेतली: २^१३,६२,७९,८४१ − १. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरांट यांनी शोधलेली, ४,१०,२४,३२० अंकी. दशमानात ती ८८१ ने सुरू होते आणि ५५१ ने संपते. द्विमानात मात्र तिच्यात बघण्यासारखं काहीच नाही: १३ कोटी ६२ लाख ७९ हजार ८४१ एक, ओळीनं, मध्ये एकही शून्य नाही. फाइल करून ठेवली तर द्विमानात १७ एमबी, अंक छापून ठेवले तर ४१ एमबी. तिला २^१३,६२,७९,८४० ने गुणलं की ८,२०,४८,६४० अंकी परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे स्वतः सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज बरोबर स्वतःइतकी.

हा ‘सगळे एक’ असलेला साचाच प्रोग्रॅमच्या वेगाचं मूळ आहे. एरवी एखाद्या संख्येनं भागून बाकी काढायची तर भागाकार करावा लागतो, आणि कोट्यवधी अंकांचा भागाकार महाग पडतो. इथे भागाकार लागतच नाही. १२७, म्हणजे २^७ − १ घ्या. ४४८७ ला १२७ ने भागल्यावर बाकी किती? ४४८७ मध्ये १२८ बसतात ३५ वेळा, उरतात ७. १२८ आणि १२७ मध्ये एकचाच फरक, म्हणून ३५ आणि ७ यांची नुसती बेरीज करायची: ४२. तीच बाकी. द्विमानात हे म्हणजे वरचे बिट कापून खालच्या बिटांवर घडी घालणं. प्राइम९५ ला ही घडीसुद्धा वेगळी घालावी लागत नाही. १९९४ साली क्रँडल आणि फॅगिन यांनी मांडलेल्या भारित रूपांतराच्या युक्तीनं ती एफएफटीच्या, म्हणजे प्रचंड संख्यांचा गुणाकार झपाट्यानं करणाऱ्या गणिती रूपांतराच्या, आतच आपोआप पडते. बाकी राहिलं काम एकच, वर्ग करत जाणं.

लुकास–लेमर ही या साच्यासाठीची जुनी, अचूक कसोटी. ४ पासून सुरुवात, वर्ग करून २ वजा, बाकी घ्यायची, असं घ − २ वेळा. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, नाही तर संयुक्त. १२७ साठी पाच पायऱ्या: ४ → १४ → ६७ → ४२ → १११ → ०. मूळ. आता ११ हा घातांक घ्या, २०४७. नऊ पायऱ्या: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शून्य नाही, म्हणजे संयुक्त. खरंच आहे, २०४७ = २३ × ८९. पण या १७३६ कडे कितीही टक लावून पाहिलं तरी त्यात २३ किंवा ८९ दिसत नाहीत. कसोटी ‘अवयव आहेत’ एवढंच सांगते, ‘कोणते’ ते नाही. २^६७ − १ च्या बाबतीत गणितज्ञ लुकास यांनी १८७६ मध्येच दाखवलं होतं की ती मूळ नाही. प्रत्यक्ष अवयव, १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७, कोल यांनी मांडले १९०३ मध्ये. मधली सत्तावीस वर्षं ‘नाही’ होतं, पण हातात दाखवायला काही नव्हतं.

आणि इथेच दुखतं. अवयव सापडला तर कोणीही दोन मिनिटांत भागून खात्री करील. पण १७३६ सारखा शेष बरोबर आहे की बारा कोटी पायऱ्यांपैकी एखादीत रॅमचा एक बिट उलटला म्हणून आलेला कचरा आहे, हे नुसतं बघून कळत नाही. बिघडलेल्या मशीनचा शेषही दिसायला तितकाच देखणा असतो.

बिघाड का होतो, हे जवळून बघू. बारा कोटी बिटांची संख्या एफएफटीसाठी साधारण ६५ लाख तुकड्यांत मोडली जाते. प्रत्येक तुकड्यात १८ च्या आसपास बिट. हे तुकडे अपूर्णांकी दशांशांच्या गणितात, म्हणजे फ्लोटिंग पॉइंटमध्ये गुणले जातात. उत्तरं मात्र पूर्णांकच असायला हवीत, म्हणून शेवटी प्रत्येक तुकडा जवळच्या पूर्णांकावर आणतात. तुकडा १७.०३ आला तर १७, शंका नाही. १७.४ आला तर? १७ च, पण घाम फुटतो. १७.५ आला तर १७ की १८ हे देवच जाणे. प्रोग्रॅम हीच अंतरं मोजत असतो. ०.४० च्या वर गेलं की इशारा देतो, आणि कसोटीच्या वेळी ‘राउंडिंग ०.५, अपेक्षा ०.४ पेक्षा कमी’ अशी ओळ आली तर मशीनमध्येच खोट आहे असं समजावं. एकच इशारा, ०.४० च्या जरा वर, आणि परत केल्यावर तोच आकडा आला तर तो एफएफटीची लांबी काठावर असल्याचा परिणाम, घाबरण्यासारखं नाही. परत केल्यावर आकडा बदलला तर मात्र रॅम, व्होल्टेज किंवा उष्णता यांपैकी काहीतरी गंडलंय.

जुन्या पद्धतीत यावर उपाय एकच होता: दुसऱ्या कोणाच्या तरी मशीनवर तीच कसोटी पहिल्यापासून परत, आणि दोन शेष जुळतात का पाहणं. दोन्ही वेळा तीच चूक होऊ नये म्हणून प्रोग्रॅम सुरुवातीची संख्या यादृच्छिक बिटांनी सरकवतो, म्हणजे एफएफटीला दोन वेळा निराळेच आकडे मिळतात. कल्पना चोख, पण कामाचे बरोबर दुप्पट तास. शिवाय पहिली कसोटी आणि तिची फेरतपासणी यांच्यात वर्षं लोटतात. मधल्या काळात एखादी मूळ संख्या चुकीच्या शेषाखाली गाडलेली असू शकते.

आता बदल कसा झाला ते. हल्ली पहिल्या तपासणीसाठी प्राइम९५ लुकास–लेमर वापरत नाही, फर्माच्या प्रमेयावरची पीआरपी, म्हणजे संख्या ‘बहुधा मूळ’ आहे का ते पाहणारी कसोटी वापरतो, पाया ३. पाया २ का नाही? कारण घ मूळ असला की २^घ − १ ही संख्या पाया २ ची परीक्षा नेहमीच पास होते, मग ती मूळ असो वा नसो. परीक्षार्थीनंच पेपर काढल्यासारखं. पाया ३ घेऊन घ वेळा नुसते वर्ग करायचे. संख्या मूळ असेल तर शेवटी ९ यायलाच हवेत. १२७ वर करून पाहा, सात वर्ग: ३ → ९ → ८१ → ८४ → ७१ → ८८ → १२४ → ९. आले. २०४७ वर अकरा वर्ग केले की शेवटी ९२९ येतात. ९ नाहीत, म्हणजे संयुक्त, आणि हा निकाल पक्का पुरावाच आहे. उलट ९ आले तर संख्या ‘बहुधा मूळ’. मग लुकास–लेमर वेगळ्या प्रोग्रॅमवर, वेगळ्या हार्डवेअरवर चालवून शिक्कामोर्तब करतात. २०२४ च्या संख्येचंही तसंच झालं: डब्लिनमधल्या एका ए१०० जीपीयूनं (ग्राफिक्स प्रोसेसरनं) ‘बहुधा मूळ’ म्हटलं, दुसऱ्या दिवशी सॅन अँटोनिओतल्या एच१०० नं लुकास–लेमरनं नक्की केलं.

लुकास–लेमर सोडून पीआरपीकडे जाण्यात फायदा काय, तर ‘वजा २’ गेलं. उरली ती निव्वळ वर्गांची साखळी, आणि निव्वळ वर्गांच्या साखळीला २०१७ मध्ये रॉबर्ट गेर्बित्स यांनी सुचवलेली तपासणी लावता येते. ती अशी: दर १००० वर्गांनंतरचा शेष बाजूला काढून त्यांचा गुणाकार जमवत जायचा. आता त्या गुणाकारातला प्रत्येक शेष आणखी १००० वेळा वर्गित केला तर तो पुढचा शेष होतो. म्हणजे आख्खा जुना गुणाकार १००० वेळा वर्गित करून त्याला सुरुवातीच्या ३ ने गुणलं की नवा गुणाकार मिळायला हवा. मिळाला तर मधले सगळे वर्ग बरोबर. नाही मिळाला तर कुठेतरी माती झाली. प्रोग्रॅम शेवटच्या खात्रीच्या टप्प्यावर परत जातो आणि तिथून पुन्हा सुरू करतो. ही पडताळणी दर दहा लाख वर्गांमागे एकदा होते आणि खर्च हजारात दोन-तीन वर्गांइतका. हजारात दोन-तीन देऊन जवळजवळ शंभर टक्के खात्री. एवढा स्वस्त विमा दुसरीकडे मिळणार नाही. साखळीत कुठेही ‘वजा २’ असतं तर गुणाकाराचं हे नातं पहिल्याच पायरीला तुटलं असतं, म्हणूनच लुकास–लेमरला हे जमत नाही. तिच्यासाठी जाकोबी तपासणी आहे, पण ती निम्म्याच चुका पकडते.

एवढ्यानं वापरणाऱ्याला स्वतःची खात्री झाली. जगाला कशी व्हायची? त्यासाठी पुरावा-फाइल. पिएत्शाक यांच्या पद्धतीवर आधारलेली ही सोय ३०.३ आवृत्तीपासून आली. हिशेब बारा कोटी घातांकाचा करून पाहू, कारण डिस्कची गोची इथेच होते. एक शेष म्हणजे बारा कोटी बिट, १५ एमबी. पुराव्याची पातळी ८ असेल तर वाटेत २^८, म्हणजे २५६ शेष साठवावे लागतात: ३.८४ जीबी तात्पुरती जागा, प्रत्येक वर्करला (प्रोग्रॅमचा एका वेळी एक घातांक तपासणारा भाग) वेगळी. शेवटी त्यातून नऊ शेषांची, १३५ एमबीची फाइल बनते आणि सर्व्हरवर चढते. ती तपासायला दुसऱ्या कोणाला बारा कोटी वर्ग करावे लागत नाहीत. २५६ वा भाग, ४,६८,७५० वर्ग पुरतात. जिथे आधी १०० टक्के काम परत व्हायचं तिथे आता अर्ध्या टक्क्याहून कमी. सेटिंगमध्ये डिस्कची मर्यादा आखडून ठेवली तर प्रोग्रॅम तक्रार न करता कमी पातळीचा पुरावा बनवतो. पातळी एकनं उतरली की तपासणाऱ्याचं काम दुप्पट. तेव्हा ऑप्शन्समधल्या रिसोर्स लिमिट्समध्ये जाऊन प्रत्येक वर्करला पाच-सहा जीबी मोकळी आहे ना, हे पहिल्याच दिवशी बघावं. १३५ एमबी चढवायची असल्यामुळे इंटरनेट मोजून-मापून वापरणाऱ्यांनी चढवण्याची वेळ आणि वेग त्याच सेटिंगमध्ये बांधून घ्यावा.

त्याच चौकटीत दुसरा आकडा असतो, आणि लोक तो हमखास विसरतात: पी−१ च्या दुसऱ्या टप्प्यासाठीची मेमरी. मुख्य कसोटीआधी प्रोग्रॅम स्वस्तात अवयव मिळतो का ते पाहतो. मर्सेन संख्येचा कोणताही अवयव २ × क × घ + १ या रूपाचाच असतो आणि ८ ने भागल्यावर त्याची बाकी १ किंवा ७ असते (२३ आणि ८९ वर ताडून पाहा). पी−१ पद्धत असे अवयव पकडते ज्यांचा क बारीक-बारीक मूळ संख्यांनी बनलेला असतो. कोल यांचा १९३७०७७२१ घ्या. त्यातून १ वजा केला की २ × ६७ × १४,४५,५८०, आणि १४,४५,५८० = ४ × २७ × ५ × २६७७. एक मोठा तुकडा २६७७, बाकी सगळे किरकोळ. म्हणजे पहिल्या टप्प्याची मर्यादा ३० आणि दुसऱ्याची २७०० ठेवली तरी हा अवयव जाळ्यात येतो. आजच्या मशीनला त्यासाठी डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागणार नाही. तो २६७७ पकडणारा टप्पा म्हणजे दुसरा, आणि तोच मेमरी खातो. सुरुवातीला नेमून दिलेली मेमरी फार तुटपुंजी असते. तशीच ठेवली तर दुसरा टप्पा उरकल्यासारखा होतो. ३०.८ पासून या टप्प्याची पद्धत बदलली आणि जास्त मेमरीचा फायदा आधीपेक्षा कितीतरी वाढला. १६ जीबी रॅम असेल तर आठ-दहा जीबी द्यावी. दिवसा मशीनवर दुसरं काम असेल तर दिवस-रात्रीचे आकडे वेगळे देता येतात. अवयव सापडला तर आठवड्याचं काम वाचतं, आणि तो कोणालाही ताडून पाहता येतो. साध्या भागाकारानं अवयव चाळणं मात्र या प्रोग्रॅमकडून करून घेऊ नये. ते काम जीपीयूवर एमफॅक्टसीसारखे प्रोग्रॅम कितीतरी पटीनं वेगात करतात.

वेगाबद्दल. लोक प्रोसेसरचे गीगाहर्ट्झ बघतात, पण बहुतेक मशीनवर खोळंबा रॅमपाशी होतो. ६५ लाख तुकडे, प्रत्येकी ८ बाइट, ५२ एमबी. एका वर्गात हा ऐवज दोनदा वाचला आणि दोनदा लिहिला जातो, म्हणजे सुमारे २०० एमबीची ने-आण. रॅमचा वेग सेकंदाला ४० जीबी असेल तर एका वर्गाला ५ मिलिसेकंद ठरलेले, प्रोसेसर कितीही तगडा असो. बारा कोटी गुणिले ५ मिलिसेकंद म्हणजे सहा लाख सेकंद, सात दिवस. रॅमची एकच पट्टी असेल तर वेग निम्मा आणि दिवस चौदा; म्हणून नवा प्रोसेसर घेण्याआधी रिकाम्या खाचेत जुळी पट्टी बसवावी. उलट ६४ एमबी किंवा जास्त कॅशे असलेल्या प्रोसेसरवर सगळा ऐवज आतच मावतो आणि वेग एकदम उडी मारतो. याच कारणासाठी प्रत्येक कोअरला एक असे चार-आठ वर्कर लावणं बहुधा तोट्याचं. एकच वर्कर, सगळे कोअर त्याच्या दिमतीला, ही मांडणी बऱ्याच मशीनवर सरस ठरते. अंदाज करत बसू नये, ऑप्शन्समधलं बेंचमार्क चालवावं; सेकंदाला किती वर्ग होतात ते सगळ्या मांडण्यांसाठी तो छापतो. तुलनेसाठी: डिसेंबर २०१८ ची २^८,२५,८९,९३३ − १ ही संख्या आय५-४५९०टी या साध्या प्रोसेसरवर बारा दिवस चालून सापडली होती.

नवीन मशीन थेट पहिल्या तपासणीला जुंपू नये. ॲडव्हान्स्ड मेनूतल्या टेस्टमध्ये १३९८२६९ हा घातांक द्यावा. जिम्प्सनं नोव्हेंबर १९९६ मध्ये शोधलेली ही त्यांची पहिली मूळ संख्या, ४,२०,९२१ अंकी. आजच्या मशीनवर काही मिनिटांत संपते आणि ‘मूळ आहे’ ही ओळ कशी दिसते तेही एकदा कळतं, कारण परत दिसेल याची हमी नाही. त्यानंतर एक-दोन फेरतपासण्या घ्याव्यात. तिथे जुना शेष सर्व्हरकडे असतो. आपला जुळला की मशीन भरवशाचं.

ज्यांना संख्यांशी देणंघेणं नाही, फक्त मशीनची कसोटी घ्यायची आहे, त्यांच्यासाठी टॉर्चर टेस्ट. स्मॉल एफएफटी निवडलं की सगळं काम कॅशेत होतं, प्रोसेसर सर्वात जास्त तापतो. कूलर आणि व्होल्टेज तपासायला हे. लार्ज एफएफटीमध्ये मेमरी कंट्रोलर आणि रॅमवर ताण. ब्लेंड म्हणजे सगळ्याची मिसळ, मोठ्या प्रमाणात रॅम वापरणारी. तासभर स्मॉल एफएफटी निभावलं म्हणून रॅमही ठीक, असा निष्कर्ष काढू नये. रॅमसाठी ब्लेंड रात्रभर चालवावं. एव्हीएक्स-५१२ (एका झटक्यात अनेक आकड्यांवर गणित करण्याची सोय) असलेल्या प्रोसेसरवर ही कसोटी रोजच्या कोणत्याही वापरापेक्षा कठोर असते, तेव्हा तापमानाचा आकडा समोर ठेवूनच सुरुवात करावी. लॅपटॉपवर तर दहा मिनिटांच्या पलीकडे हट्ट करू नये. एखादा वर्कर चूक दाखवून थांबला तर कोणत्या वर्करचा ते टिपून ठेवावं: दर वेळी तोच थांबत असेल तर संशय त्या कोअरवर, निरनिराळे थांबत असतील तर रॅमवर.

आता खटकणाऱ्या गोष्टी. दिसायला प्रोग्रॅम नावातल्या ९५ च्या काळातच राहिलाय. निम्म्या उपयोगी सोयी मेनूत नाहीतच, त्यांच्यासाठी अनडॉक.टीएक्सटी ही फाइल वाचून प्राइम.टीएक्सटीमध्ये हातानं ओळी लिहाव्या लागतात. वर्कटूडू.टीएक्सटीमध्ये स्वल्पविराम चुकला की ओळ बेकायदेशीर ठरते. प्रोग्रॅम चालू असताना ही फाइल हातानं बदलू नये; आधी बंद करावा, मग हात लावावा. काम अर्ध्या तासाला एकदा डिस्कवर साठवलं जातं, त्यामुळे वीज गेली तर जास्तीत जास्त तेवढंच बुडतं. जीपीयूवर हा प्रोग्रॅम चालतच नाही, आणि वर म्हटल्याप्रमाणे सध्याचा विक्रम जीपीयूवरचाच आहे. चांगला जीपीयू हाताशी असेल तर मिहाय प्रेडा यांचा जीपीयूआउल किंवा त्याची पुढची पिढी पीआरपीएलएल बघावा. गेर्बित्स तपासणी आणि पुरावा-फाइल दोन्ही तिथेही आहेत.

कामाचा प्रकार निवडताना ‘१० कोटी अंकी’ या पर्यायाचा मोह होतो, कारण पहिल्या १० कोटी अंकी मूळ संख्येला इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचं दीड लाख डॉलरचं बक्षीस आहे. घातांक ३३ कोटी २२ लाखांच्या जवळपास लागतो. वर्गांची संख्या पावणेतीन पट, प्रत्येक वर्गही तितकाच महाग. एकूण काम बारा कोटीच्या आठ पट, आणि एका तपासणीत यश मिळण्याची शक्यता आणखी कमी. शिवाय जिम्प्सच्या नियमांनुसार ती सगळी रक्कम शोधणाऱ्याला मिळत नाही. त्याहून लहान संख्येसाठी मोहिमेचं स्वतःचं बक्षीस ३,००० डॉलर. विजेच्या बिलाशी याची गाठ घालू नये.

आणखी एक गैरसमज वारंवार दिसतो: सांकेतिकीकरणासाठी मोठी मूळ संख्या हवी म्हणून लोक इकडे वळतात. २०४८ बिटांच्या आरएसए किल्लीला दोन मूळ संख्या लागतात, प्रत्येकी १०२४ बिट, साधारण ३०८ अंकी, आणि त्या कोणालाही ठाऊक नसणं हाच त्यांचा गुण. सगळ्या जगाला पाठ असलेली मर्सेन संख्या तिथे कुचकामी. तशा संख्या ओपनएसएसएल क्षणात बनवतं. कोणताही खास साचा नसलेल्या हजारो अंकी संख्येचा मूळपणा सिद्ध करायचा असेल तर पारी-जीपी किंवा प्रिमो ही हत्यारं; मर्सेनसाठी असलेला घडीचा फायदा तिथे मिळत नाही, म्हणून आवाकाही हजारो अंकांचाच राहतो, कोट्यवधींचा नाही.

सोडून द्यायचं झालं तर फोल्डर नुसता उडवू नये. घेतलेले घातांक प्राइमनेटवर आपल्याच नावावर राहतात आणि मुदत संपेपर्यंत दुसऱ्या कोणाला मिळत नाहीत. ॲडव्हान्स्ड मेनूत घातांक परत करण्याची सोय आहे; क्विट जिम्प्स निवडलं तर तो विचारतो, हातातलं काम पुरं करून थांबायचं की आत्ताच सगळं परत द्यायचं. कसोटी ९० टक्क्यांवर असेल तर पुरी करावी, कारण परत दिलेल्या घातांकावर पुढचा माणूस पुन्हा ३ पासूनच सुरुवात करतो.